गणिताच्या वहीत खोडरबर नको

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि नववी-दहावीच्या वर्गांत गणिताच्या सूचनांचा फळा भरतो. वहीला तपकिरी कव्हर घाला. समास लाल पेनाने आखा. बीजगणिताची वही वेगळी, भूमितीची वेगळी. कंपासपेटी रोज आणा, गृहपाठ रोज पूर्ण करा. हीच यादी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. मी माळशिरस तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. या यादीवर माझी तक्रार आहे. पोरानं वर्षभर गणित कसं करायचं, अडलं तर काय करायचं, चुकलं तर काय करायचं, याबद्दल तिच्यात एक अक्षर नसतं.

मुलं फार लवकर ओळखतात, की मॅडम काय तपासतात. समास तपासला तर समास नीट येतो. ‘पूर्ण’ असा शेरा मिळतो म्हटल्यावर वही पूर्ण होते, मग ती शेजारच्या बाकावरच्या वहीतून उतरलेली का असेना. गाईडमधली उत्तरं ओळीनं उतरवलेल्या, एकही खाडाखोड नसलेल्या वह्या मी खूप पाहिल्या आहेत. त्याच मुलांना फळ्यापाशी उभं केलं, की दुसऱ्या ओळीला हात थांबतो. दोष मुलांचा नाही. आपण मागितलं ते त्यांनी दिलं.

म्हणून माझ्या वर्गात खोडरबर फक्त भूमितीच्या आकृतीला. उदाहरण पेनानं सोडवायचं. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खाली पुन्हा सुरुवात करायची आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. पहिले काही दिवस मुलांना हे अंगावर येतं. वर्षानुवर्षं ‘स्वच्छ लिही’ ऐकलेलं असतं. चूक दिसली तर मार्क जातील, मॅडम रागावतील, या भीतीनं ती हातानं वही झाकतात. रेघ मारलेल्या जागेवर लाल फुली पडत नाही, उलट तिथंच मॅडम जास्त वेळ थांबतात, हे लक्षात आलं की हात बाजूला होतो.

एक उदाहरण देते. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी येतो. समजा १८ टक्के करासह एका टेबल फॅनची किंमत ११८० रुपये आहे, तर कराआधीची किंमत किती? बरीच मुलं ११८० चे १८ टक्के काढतात, २१२ रुपये ४० पैसे. ते वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे असं उत्तर दोन रेघा मारून लिहून टाकतात. उत्तर आहे १००० रुपये. हातात खोडरबर असेल तर पुढं काय होतं? फळ्यावर १००० दिसतात, आपलं खोडलं जातं, १००० लिहिले जातात, तास संपतो. टक्के कशाचे काढायचे, हा या प्रकरणाचा सगळा जीव असलेला प्रश्न त्या खोडलेल्या जागेत होता, तो गेला. माझी अट अशी, की उत्तर प्रश्नात परत घालून बघायचं. ९६७ रुपये ६० पैशांवर १८ टक्के लावले तर साधारण ११४१ रुपये ७७ पैसे होतात, ११८० होत नाहीत. म्हणजे काहीतरी बिघडलंय. कुठं बिघडलं हे त्या मुलानं स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. ‘मी मोठ्या किमतीचे टक्के काढले, कर छोट्या किमतीवर लागतो’ असं एका मुलानं लिहिलं होतं. त्या एका ओळीला मी सबंध सरावसंचापेक्षा जास्त किंमत देते. हा मुलगा उद्या खताच्या दुकानात बिल हातात घेईल तेव्हा ते वाचू शकेल.

एक आई वही घेऊन शाळेत आली होती. “मॅडम, बघा ना, नुसती घाण केलीय वही. आधीच्या शाळेत किती छान होती हिची.” आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो आणि रेघ मारलेली तीन उदाहरणं ओळीनं वाचली. पहिल्यात चिन्ह चुकलं होतं. दुसऱ्यात तेच चिन्ह पुन्हा चुकलं होतं, पण यावेळी तिचं तिनंच पकडलं होतं. तिसऱ्यात चुकलं नव्हतं. त्या बाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, तरी त्यांना लगेच दिसलं. “म्हणजे ही कुठं सुधारली ते यात कळतं,” असं त्या स्वतःहून म्हणाल्या. मला पालकांना हेच सांगायचं आहे. स्वच्छ वहीत तुमच्या लेकराचं काहीच दिसत नाही.

रोज तासाला ‘आजची चूक’ असते. आदल्या दिवशीच्या वह्यांतली एक चुकीची ओळ मी नाव न सांगता फळ्यावर लिहिते. वर्गानं शोधायचं, की हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं. ‘चूक काय’ हा प्रश्न सोपा असतो, ‘असं का वाटलं असेल’ हा अवघड. नऊ आणि सोळा यांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असताना तीन अधिक चार सात लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. तीच मुलं अ अधिक ब या कंसाचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं लिहितात. दोन्ही चुका एकाच घरातल्या आहेत. बेरजेवर जी क्रिया करायची ती प्रत्येकावर वेगवेगळी केली तरी चालतं, असं त्या मुलांनी धरलेलं असतं. गुणाकाराला हे चालतं, नऊ गुणिले सोळा याचं वर्गमूळ तीन गुणिले चारच येतं. मग बेरजेला का नाही? इथं वर्ग खरा जागा होतो. कुणीतरी म्हणतं, “मॅडम, पंचवीसचं वर्गमूळ पाच, सात कसं येईल?” कुणी खडूनं जमिनीवर मोठा चौरस काढतो, त्यात दोन लहान चौरस बसवतो आणि उरलेले दोन आयत दाखवतो. त्या दोन आयतांना दोन अ ब म्हणतात, हे सूत्र पाठ असलेल्या मुलीला पहिल्यांदा तिथं दिसतं. यात दहा मिनिटं जातात, आणि मी ती जाऊ देते.

तासाची सुरुवातही ठरलेली आहे. मी वर्गात येण्याआधी वर्गप्रतिनिधी फळ्यावर तीन छोटी उदाहरणं लिहून ठेवतो. एक कालचं, एक महिन्याभरापूर्वीच्या प्रकरणातलं, एक आठवीचं किंवा त्याआधीचं. वर्गसमीकरणं चालू असली तरी फळ्यावर पाऊण वजा दोन तृतीयांश असू शकतं. पुस्तक बंद, पाच मिनिटं, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. मग शेजाऱ्याशी वही बदलून बोलायचं. हजेरी मी त्याच वेळात उरकते. याचे गुण कुठंही धरले जात नाहीत.

हे रोज का? आमच्याकडं आषाढीच्या आधी माउलींची पालखी तालुक्यातून जाते. शाळेच्या खोल्यांत वारकरी मुक्कामाला उतरतात, आदल्या दिवशी बाकं हलतात, दुसऱ्या दिवशी झाडलोट असते. तो सोहळा आम्हाला हवाच असतो, मुलं पाणी वाटायला धावतात. पण नव्या वर्षाची लय बसायच्या आत ती मोडते. पुढं गणपती, मग सहामाही, मग दिवाळी. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की काही घरांतली मुलं पहाटे रानात जाऊन मग शाळेला येतात. अशा वर्षात जूनमध्ये शिकवलेली दोन चलांतील रेषीय समीकरणं पूर्वपरीक्षेला एकदम बाहेर काढली, तर ती जून महिन्यासारखीच लांब गेलेली असतात. महिन्यातून चार-सहा वेळा फळ्यावर भेटत राहिली तर राहतात. स्वतःहून आठवायला लावलं की टिकतं, नुसतं पुन्हा वाचलं की टिकल्यासारखं वाटतं, हे कुणीही शिक्षक वर्गात करून बघू शकतो.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशीच्या तासाला मी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना वर्गात आणते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. आयुष्यभर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. कुठलंही मोठं पद नाही, संशोधनासाठी पगार नाही. या माणसानं ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते जगभर पोचले. मुलांना मी आधी काहीच सांगत नाही. म्हणते, आपलं जन्मवर्ष घ्या. २०१०. अंक उतरत्या क्रमानं लावा, २१००. चढत्या क्रमानं लावा, ००१२. वजा करा, २०८८ येतात. पुन्हा तेच करा. ८८२० वजा ०२८८, म्हणजे ८५३२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करून बघा, पुन्हा ६१७४ च. मग ज्यानं त्यानं आपापली चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. सात पायऱ्यांच्या आत सगळे तिथंच येतात. वर्गात जो गलका होतो तो मी थांबवत नाही.

या खेळामागं माझा एक सरळ हेतू आहे. नववीत आलेल्या काही मुलांना हातच्याची वजाबाकी धड येत नाही. त्यांना तिसरीचं पुस्तक हातात दिलं तर ती शाळा सोडतील. कापरेकरांच्या रीतीत तोच मुलगा एका तासात पंचवीस-तीस वजाबाक्या करतो आणि हातचा चुकतच राहिला की ६१७४ येत नाही, म्हणून स्वतःच मागं जाऊन शोधतो. त्याला कुणी ढ म्हटलेलं नसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं, ही शिक्षकानं स्वतःला लावायची सवय. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. हा थांबा तीन सेकंदांवर नेला, की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद फार वाटत नाहीत, पण साठ मुलांसमोर उभं राहून गप्प बसून बघा. पहिल्या बाकावरची तीच चार बोटं वर होतात आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. मी हात वर करायची पद्धतच बंद केली आहे. सगळ्यांनी आधी वहीत लिहायचं, मग मी कुणालाही विचारणार. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला साठ मुलांचं एकच उत्तर असतं, “हो मॅडम.”

खरंच समजलं का, हे तपासणं भूमितीत सगळ्यात जास्त लागतं. पक्ष, साध्य, सिद्धता, प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण, असं मुलं सुरेख लिहितात. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय पाठ असतं. पण आकृतीची अक्षरं बदला, त्रिकोण उलटा करा, समांतर रेघ डावीकडून काढा, की तीच सिद्धता कोसळते. म्हणून प्रत्येक प्रमेय आमच्याकडं आधी तोंडी होतं. बाकावरच्या दोघांपैकी एकीनं सांगायचं, दुसरीनं प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारायचं. तिसऱ्यांदा ‘कशावरून?’ला उत्तर येईना, की तिथं रेघ मारून पुस्तक उघडायचं.

गृहपाठ तीन उदाहरणांचा. अख्खा सरावसंच दिला की तो उतरवला जातो. ‘जमलं नाही’ हे उत्तर मी घेत नाही, पण ‘इथपर्यंत आलं, पुढं हे कळेना’ असं लिहिलं तर गृहपाठ पूर्ण धरते.

आता सहकारी मला जे विचारतात त्याकडं येते. एवढं करायला वेळ कुठून आणायचा? प्रश्न खरा आहे. तास पस्तीस मिनिटांचा. बीजगणिताची सहा प्रकरणं, भूमितीची सात. एका तुकडीत साठ मुलं, प्रत्येक वहीला दोन मिनिटं दिली तरी दोन तास लागतात. तुकड्या तीन असल्या तर सहा तास, आणि ते घरी, स्वयंपाक झाल्यावर. त्यात निवडणुकीची कामं, मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. मी रोज साठ वह्या तपासत नाही, दहाच तपासते, पण त्या नीट वाचते, आणि कुणाच्या दहा हे आधी सांगत नाही. प्रकरणं मागं पडतात का? दिवाळीपर्यंत मी इतर तुकड्यांच्या मागं असते. नंतर भरून निघतं, कारण वर्गसमीकरणाला अवयव आणि त्रिकोणमितीला पायथागोरस पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागत नाही. पण हे वैयक्तिक चिकाटीवर सोडायचं काम नाही. शिक्षकाची शिकवण्याखेरीजची कामं कमी करा, ही मागणी आम्ही पगारासाठी करत नाही, त्या दहा वह्यांसाठी करतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बातमी आली. राज्याच्या शालेय शिक्षण अभ्यासक्रम आराखड्यात असं सुचवलं होतं, की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाता यावं, मात्र पुढं त्या विषयांवर आधारलेले अभ्यासक्रम घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असेल. मंडळानं ते लगेच लागू होणार नसल्याचंही सांगितलं. यामागची काळजी मला कळते. एका गणितापायी मुलीचं शिक्षण थांबतं आणि पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न होतं, हे आम्ही गावात पाहतो. तरीही मला हा उपाय पटत नाही. त्या मुलीला पंधराव्या-सोळाव्या वर्षी कागदावर लिहून द्यायचं की हे दार तुझ्यासाठी नाही, आणि नववी-दहावीचे तिचे तास होते तसेच चालू ठेवायचे. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं उदाहरण त्यातल्या ४३.३ टक्के मुलांनाच बरोबर करता आलं. म्हणजे या वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांना हा भागाकार येत नाही, आणि त्यातली बरीच त्रिकोणमितीच्या वर्गात बसलेली आहेत. उत्तीर्णतेची रेघ ३५ वर असो की २० वर, त्यांच्या भागाकाराला त्यानं काही होत नाही. त्याला रोजची ती पाच मिनिटं लागतात, नववीच्या जूनपासून, सगळ्या तुकड्यांत. हुशारांची तुकडी आणि ‘बाकीची’ तुकडी असा भेद यात चालत नाही. ज्या तुकडीकडून कुणी कशाची अपेक्षा करत नाही, तिथं ‘कशावरून?’ आधी विचारायला हवं.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की शाळेचा पहिला आठवडा गणिताच्या शिक्षकाला द्या. त्यात प्रकरण एक सुरू झालं का, हे विचारू नका. त्या दिवसांत वर्गानं चूक कशी लिहायची, अडलं तर काय लिहायचं, शेजाऱ्याची वही कशी वाचायची, एवढंच करून बघावं. विस्तार अधिकारी भेटीला येतात तेव्हा किती सरावसंच झाले ते मोजतात. त्यांनी कुठलीही एक वही उघडावी आणि त्यातली एक चुकलेली जागा त्या मुलाला समजावून सांगायला लावावी. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण सर्रास सगळ्यांना भरभरून वाटले जातात. त्यातले काही या दुरुस्त केलेल्या चुकांसाठी राखून ठेवले, तर मुलांना पहिल्या आठवड्यातच कळेल, की शाळा खरंच काय मागते आहे. आणि पालकांनी पहिल्या पालकसभेला येताना वहीचं कव्हर बघू नये. आत कुठं रेघ मारली आहे ते शोधावं आणि लेकराला विचारावं, “हे आधी असं का केलं होतंस?”